गावाचं काम पाहायला जाल तेव्हा

परभणी जिल्ह्यात मदतीला येणाऱ्यांची वाण नाही. पुण्या-मुंबईच्या संस्था येतात, कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी येतो, नोकरीसाठी बाहेर पडलेली इथलीच मुलं वर्गणी काढून आपल्या गावात काम उभं करतात. कुणी ओढा खोल करतं, कुणी झाडं लावतं, कुणी बियाणं वाटतं. पाऊस रुसला की ही वर्दळ आणखी वाढते.

यातल्या बहुतेकांना मनापासून शिकायचं असतं. म्हणून काम सुरू करण्याआधी ते एखादं नावाजलेलं गाव पाहून येतात. गाडी बंधाऱ्यापाशी थांबते, सरपंच माहिती देतात, फोटो निघतात, पिठलं-भाकरीचं जेवण होतं आणि परतीच्या वाटेवरच ठरतं की असाच बंधारा आपणही बांधायचा. बंधारा बांधला जातो. दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो, फळ्या चोरीला जातात आणि गाळ कुणी काढायचा यावर गाव आणि संस्था एकमेकांकडे बोट दाखवतात.

पाहणी झाली होती, पण शिकणं झालं नव्हतं. गावाने जे बांधलं ते डोळ्यांना दिसतं. ते टिकावं म्हणून गावाने आपसांत काय कबूल केलं, कुणी काय सोडलं, कुणाच्या पदरात काय पडलं, हे दिसत नाही. ते विचारावं लागतं. दुसऱ्या गावात न्यायची गोष्ट हीच न दिसणारी आहे. ती कशी शोधायची, कशी तपासायची आणि आपल्या कामात कशी आणायची, हे या लेखात मांडलं आहे. संस्थेचे कार्यकर्ते, निधी देणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी आणि गावासाठी काही करू पाहणारे गावाबाहेरचे गावकरी, अशा तिघांसाठी तो आहे.

आधी अटी विचारा, मग बांधकाम पाहा

पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाहायला येणाऱ्यांना तिथे उपसा सिंचनाची योजना दिसायची. तशी योजना तर पैसे असले की कुठेही उभी राहते. नायगावचं मोल तिथल्या अटींत होतं. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी उचलायचा. या अटी काढून घेतल्या तर मागे उरतात पंप आणि पाइप.

राळेगणसिद्धीच्या बाबतीत शासनाने ही गोष्ट ओळखली होती. श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ही राळेगणची पंचसूत्री १९९२ साली आदर्श गाव योजनेने निवडीची अट म्हणून घेतली. हिवरे बाजारने पुढे तिच्यात भर घातली आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. म्हणजे तिथेही सलग समतल चर (सीसीटी) आणि बंधाऱ्यांच्या जोडीला एक नकार होता, आणि त्या नकाराने पाणी राखलं.

फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने तर निधी देण्याची रीतच अशी ठरवली. गावाने आधी शिवाराच्या लहानशा भागात काम करून दाखवायचं, श्रमदान करायचं, चराईबंदी पाळून दाखवायची. त्या कसोटीतून गाव उतरलं की मगच मोठा निधी. नियोजनही कचेरीत बसून होत नसे. प्रत्येक गट नंबरात शेतकरी नवरा-बायकोला सोबत घेऊन, बांधावर उभं राहून, इथे काय करायचं ते ठरायचं. परदेशातून आलेला पैसा गावाच्या गतीने खर्च करायला शिकला, हे या कार्यक्रमाचं मोठं काम आहे.

याच कार्यक्रमातून परभणीच्या शेजारी, जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचं काम झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने ते १९९६ पासून हाती घेतलं. आज कडवंची म्हटलं की लोकांना द्राक्षबागा आणि शेततळी आठवतात. पण तिथे आधी माथा ते पायथा मृद्‌संधारण झालं, बांधबंदिस्ती झाली. शेततळ्यांचं पीक त्यानंतरचं. राज्यात इतरत्र शेततळी पोहोचली ती बहुतेक ठिकाणी एकटीच. कागद अंथरायचा आणि विहिरीतलं किंवा बोअरमधलं पाणी उपसून तळ्यात भरून ठेवायचं, ही पद्धत पडली. जमिनीखालचं सामाईक पाणी एकाच्या तळ्यात उघड्यावर वाफ होऊन जाऊ लागलं. अभ्यासकांनी हे दाखवून दिलं आहे. पावसाचं वाहतं पाणी धरायला काढलेलं साधन भूजल उपसून साठवण्याचं झालं, कारण तळं तेवढं उचललं गेलं, त्याची जागा आणि त्याची अट मागेच राहिली.

तेव्हा गाव पाहायला जाताना वहीत पहिला प्रश्न हा असू द्या: हे टिकावं म्हणून तुम्ही काय बंद केलं? त्यानंतर विचारा: कुणाचं नुकसान झालं, आणि त्याला गावाने काय दिलं? नियम मोडला तर काय होतं, आणि शेवटचा कधी मोडला होता? या तीन प्रश्नांना गावकऱ्यांकडून सरळ उत्तरं आली, तर तिथे शिकण्यासारखं काहीतरी नक्की आहे.

जमीन पाहिल्याशिवाय नक्कल नको

नगर-जालन्याकडच्या मुरमाड माळावर जे जमलं ते गोदाकाठच्या काळ्या रानात जमेलच असं नाही. परभणी जिल्हाही सगळा सारखा नाही. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगांचे फाटे आहेत, दक्षिणेला गंगाखेड-पालमकडे बालाघाटचे डोंगर. मधला गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्याचा पट्टा बराचसा खोल काळ्या जमिनीचा. पाथरी, मानवत, सोनपेठ, परभणी या भागात कित्येक ठिकाणी मुरूम लागायला बरंच खोल जावं लागतं.

ही काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर समपातळीचा मातीचा बांध घातला तर बांधालाही भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या भेगांतून वाट काढतं, बांध फुटतो. न फुटला तर बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून कापूस पिवळा पडतो. ज्याचं पीक बुडालं तो शेतकरी रात्रीतून बांध फोडून पाणी काढून देतो, आणि संस्थेच्या अहवालात मात्र ‘लोकांची उदासीनता’ अशी नोंद होते. मुळात शेतकऱ्याचं बरोबर होतं. अशा रानात थोडा उतार देऊन काढलेले बांध, उताराला आडवी पेरणी आणि रुंद सरी वरंबा (बीबीएफ) जास्त कामाचा ठरतो. रुंद वरंब्यावर सोयाबीन किंवा तूर, दोन्ही बाजूंना सऱ्या. झड लागली तर जादा पाणी सरीतून निघून जातं, पावसाने ताण दिला तर वरंब्यातली ओल पीक सांभाळते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत खोल काळ्या जमिनीसाठी विकसित झालेली ही पद्धत परभणीच्या कृषी विद्यापीठाने बीबीएफ यंत्रासह शेतकऱ्यांपर्यंत नेली.

१९७२ साली स्थापन झालेलं, आज वसंतराव नाईक यांचं नाव असलेलं हे विद्यापीठ जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. कोरडवाहू शेतीवर तिथे वर्षानुवर्षं काम चालू आहे. बाहेरून येणाऱ्या संस्थेने दुसऱ्या जिल्ह्यातली कुठलीही रचना इथे आणण्याआधी दोन ठिकाणी दाखवावी: एकदा विद्यापीठातल्या तज्ज्ञांना आणि एकदा त्याच शिवारात चाळीस वर्षं नांगर धरलेल्या माणसाला. दोघांनी मान डोलावली तरच पुढे जावं.

सिंचनाचाही असाच भेद आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचं गाव, येलदरी किंवा निम्न दुधनाच्या पाण्यावरचं गाव, ढालेगाव, मुदगल, डिग्रस या बंधाऱ्यांमुळे गोदावरीचं फुगवट्याचं पाणी मिळणारं काठचं गाव आणि डोंगराच्या अंगाचं निव्वळ पावसावरचं गाव, या प्रत्येकाची गरज वेगळी. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावाचा प्रश्न पाणी अडवण्याचा नसतो, वरच्यांकडून पाळी मिळवण्याचा असतो. त्याला पाणलोटाचं गाव दाखवण्यापेक्षा नीट चाललेली पाणी वापर संस्था दाखवली तर उपयोग होईल.

केव्हा जायचं, हे ठरवून जा

बहुतेक पाहणी दौरे ऑक्टोबर ते जानेवारीत होतात. हवा चांगली, ओढ्याला पाणी, शिवार हिरवं. या दिवसांत पाहिलेलं प्रत्येक काम यशस्वी वाटतं.

काम खरं कळतं ते मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात. विहिरीत किती पाणी उरलं, जनावरांची सोय कुठे होते, टँकर लागला का, बायका पाण्याला किती लांब जातात, हे तेव्हा दिसतं. त्यानंतर पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर लगेच जावं. बांध कुठे फुटला, माती कुठून वाहिली, सांडवा चालला की नाही, हे चिखलातच वाचता येतं. एकाच गावाला उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर असं तीनदा गेल्याशिवाय त्या गावाबद्दल अहवालात ओळ लिहू नये.

वेळेचा दुसरा मुद्दा माणसांचा. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातली पुष्कळ कुटुंबं, विशेषतः तांड्यावरची, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात आणि पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. हिवाळ्यात केलेल्या सर्वेक्षणात ही घरं कुलूपबंद असतात. ज्यांना गावात पाणी आणि काम नाही म्हणून गाव सोडावं लागतं, नेमकी तीच माणसं पाण्याच्या योजनेच्या आकड्यांतून गळतात. सालगड्यांचं सालही पाडव्याला बदलतं. त्या आठवड्यात त्यांना बैठकीला बोलावून उपयोग नाही. गावाचं वर्ष जूनपासून मोजा. निधी देणाऱ्याचं वर्ष एप्रिलपासून सुरू होत असेल, तर ती अडचण निधी देणाऱ्याने सोडवायची आहे.

कोण बोललं नाही, ते शोधा

सरपंच, पाणलोट समितीचे अध्यक्ष, प्रगतिशील शेतकरी ही मंडळी चांगलं बोलतात आणि बहुतेक वेळा खरंही बोलतात. पण त्यांचं बोलणं हे गावाचं एक अंग आहे. चराईबंदी झाली तेव्हा शेळ्या कुणी विकल्या, हे शेळ्यावालीला ठाऊक असतं. गायरानात झाडं लावली तेव्हा तिथे कोण पिकं घेत होतं, हे दलित वस्तीत विचारावं लागतं. मराठवाड्यात गायरान जमिनीचा प्रश्न भूमिहीनांच्या पोटाचा आणि मानाचा आहे; एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. बाहेरच्या संस्थेला मोकळं माळरान दिसतं, तिथे कुणाची तरी दोन एकर ज्वारी असू शकते. हिरवं काम कुणाच्या हक्कावर पाय देऊन होत असेल, तर त्याला पर्यावरणाचं काम म्हणता येत नाही.

बायकांना वेगळं भेटा, आणि त्यांच्या वेळेला भेटा. सकाळी अकराला चावडीवर बैठक बोलावली तर ज्या पाणी भरतात त्या रानात असतात. बचत गटाची बैठक असेल त्या दिवशी, त्यांच्या जागेवर जा आणि कामाबद्दल मत मागण्याऐवजी दिवसाबद्दल विचारा: पहाटे पहिली घागर कुठून येते, पोळ्याला कुठून येत होती, संक्रांतीला कुठून, पाडव्याला कुठून? सणांच्या आधाराने महिनेवार माहिती अचूक मिळते. ‘बंधारा झाल्यापासून आमची विहीर पाडव्यापर्यंत चालते, पण वरच्या आळीला काही फरक नाही,’ असं एखादं उत्तर आलं, तर समजा की तुमच्या मूल्यमापनाचं अर्धं काम झालं.

या ऐकण्याने मोठे कार्यक्रमही बदलले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या पुनर्वसनात घरदुरुस्तीचं काम शेकडो गावांत पसरलं होतं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. शासनाची योजना घरोघर समजावणं आणि घरोघरची अडचण शासनापर्यंत नेणं, दोन्ही त्यांनी केलं. पुढे दुष्काळाच्या वर्षांत याच महिलांच्या अनुभवातून एक एकर शेतीचं प्रारूप पुढे आलं. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या हाती, त्यात कमी पाण्याची धान्यं, डाळी, भाजीपाला, सेंद्रिय खतं, आणि आधी घराचं पोट. नगदी पिकाचा खर्च बुडाला तरी घरात धान्य राहतं, हा त्यामागचा साधा विचार. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१६ साली या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला. यातली मुख्य अट कुठलं पीक घ्यायचं ही नव्हती. जमिनीच्या त्या तुकड्यावर निर्णय बाईचा, ही होती. हे प्रारूप परभणीत आणणाऱ्याने बियाण्याची पाकिटं वाटण्याआधी घरातल्या पुरुषांशी त्या तुकड्याबद्दल बोललं पाहिजे.

मोजा, आणि गावासोबत मोजा

‘पाणी वाढलं’ हे वाक्य अहवालात येण्याआधी ते दोरीने मोजलेलं असावं. गावातल्या आठ-दहा विहिरी निवडा: काही ओढ्याकाठच्या, काही वरच्या अंगाच्या. काठावर रंगाने खूण करा आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटर सुरू होण्याआधी, खुणेपासून पाण्यापर्यंत अंतर मोजा. शाळेतली मुलं, बचत गटातल्या महिला, गावातला एखादा तरुण, कुणीही हे करू शकतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. गावाचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. संगणकात राहिलेला आकडा गावाच्या उपयोगाचा नाही.

परभणी जिल्ह्याकडे मोजमापाचं एक जुनं साधनही आहे. वालूर, चारठाणा, पिंगळी, आर्वी इथल्या बारवा. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तर गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची, क्वचित आढळणाऱ्या घडणीची. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रभर बारव संवर्धनाची मोहीम झाली, गावकऱ्यांनी राडारोडा उपसून बारवा मोकळ्या केल्या, आणि २०२२ साली टपाल खात्याने राज्यातल्या बारवांवर काढलेल्या चित्रकार्डांत परभणी जिल्ह्यातल्या बारवांनाही जागा मिळाली. हे गावाने स्वतःहून केलेलं काम आहे, आणि त्यातून शिकायचं ते असं: बारवेची प्रत्येक पायरी ही पाणीपातळीची खूण आहे. कोणत्या महिन्यात पाणी कितव्या पायरीवर असतं, हे लिहून ठेवायला यंत्र लागत नाही. वरून तिसऱ्या पायरीला पाणी पोळ्याला, अकराव्या पायरीला संक्रांतीला, असं दरवर्षी नोंदलं तर पाच वर्षांत त्या भोवतालच्या भूजलाची कहाणी हाती येते. स्वच्छता करून दिवे लावणाऱ्या तरुणांच्या हाती एक वही दिली, तर वारसा जपण्याचं काम आणि पाण्याचं काम एकत्र येतं.

मोजण्याबरोबर हिशेबही शिकवा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या गावात ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर ७०० कोटी लिटर पाणी पडलं. हा आकडा ऐकून गाव सुखावतं. पण पुढचा हिशेब महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी धरणारी पोकळी फार थोडी असते; ढोबळ हिशेबाला ती दोन टक्के धरू. १०० हेक्टर शिवारात भूजलाची पातळी १ मीटरने वर आली, तर प्रत्यक्षात वाढलेलं पाणी २ कोटी लिटर. पावसाचा वाटा वजा जाता एक एकर उसाला वर्षभरात ढोबळमानाने ५० लाख लिटर पाणी द्यावं लागतं. म्हणजे अख्ख्या गावाने उन्हातान्हात श्रमदान करून १०० हेक्टरवर चढवलेली मीटरभर पातळी चार एकर ऊस संपवू शकतो. वर सांगितलेल्या पाणी पंचायतीच्या आणि हिवरे बाजारच्या बंदीमागचं कारण या एका हिशेबात आहे. हा ताळेबंद ग्रामसभेत फळ्यावर मांडा. पिकांचा निर्णय संस्थेने सांगायचा नाही, पण निर्णय घेताना हा आकडा गावासमोर असायलाच हवा.

जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ पासून परभणीसह मराठवाडा-विदर्भात राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाला स्थान दिलं. तुमचं गाव त्यात असेल तर त्याचा आराखडा ग्रामपंचायतीकडे किंवा कृषी विभागाकडे मागा. पहिल्यापासून सर्वेक्षण करून गावकऱ्यांना तेच प्रश्न पुन्हा विचारू नका.

फसलेलं लिहून ठेवा

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केलेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या परीक्षणाचा अहवाल २०२० साली विधिमंडळात मांडला गेला. ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलं आहे. देखभालीसाठी पाणीपट्टीसारखी तरतूद गावपातळीवर उभी राहिली नाही, हेही त्यात आलं. या अभियानातल्या चांगल्या कामांबद्दल आदर ठेवूनही हा अहवाल प्रत्येक संस्थेने वाचावा. त्यातल्या उणिवा लहान कामांतही तशाच असतात, फक्त त्यांचं परीक्षण कुणी करत नाही.

शिकून वाट बदलल्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. पानी फाउंडेशनने २०१६ साली तीन तालुक्यांपासून वॉटर कप सुरू केला. श्रमदानाने पाणी अडवण्याची ती स्पर्धा होती. पुढे २०२० साली आलेल्या समृद्ध गाव स्पर्धेत पाण्याचा ताळेबंद, मातीचं आरोग्य, गवत आणि झाडं हे विषय आले, आणि २०२२ पासून फार्मर कपमधून शेतकरी गटांनी एकत्र शेती करण्यावर भर आला. पाणी अडवण्यापाशी थांबून चालत नाही, वापर आणि उत्पन्नापर्यंत जावं लागतं, हा धडा या क्रमातून कुणालाही घेता येईल.

परदेशात ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’च्या कॅनडा शाखेने २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा वेगळा वार्षिक अहवाल काढायला सुरुवात केली. आपल्याकडच्या संस्थेने एवढं मोठं केलं नाही तरी चालेल. वार्षिक अहवालात दोन पानं राखून ठेवा: काय करायचं ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या गावात काय वेगळं करणार. निधी देणाऱ्यांनीही ही दोन पानं मागावीत, आणि ती प्रामाणिक असतील तर निधी थांबवू नये. फसलेलं सांगितल्यावर पैसा आटत असेल, तर पुढच्या वर्षी सगळेच यशोगाथा लिहितील.

शिकलेलं गावाच्या हवाली करा

गावाने वेळ दिला, माहिती दिली, तर त्यातून तयार झालेल्या अहवालावर पहिला हक्क गावाचा. तो मराठीत, मोठ्या अक्षरात, चार-पाच पानांत लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. चूक दुरुस्त करायला गावकऱ्यांना वेळ द्या. मदतकार्यासाठी २०१४ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय गाभा मानकातल्या नऊ बांधिलक्यांत लोकांच्या तक्रारी स्वागताने ऐकणं आणि सतत शिकत राहणं या दोन्हींचा समावेश आहे. शिवारात त्याचा अर्थ एवढाच: तक्रार करायला एक ठरलेला माणूस, एक फोन नंबर आणि तक्रारीचं पुढे काय झालं ते महिनाभरात सांगण्याचा शब्द.

दुसऱ्या गावाला शिकवायचं असेल तर संस्थेने मध्ये उभं राहू नये. ज्या गावाने केलं त्या गावातल्या चौघांना, त्यात दोन बायका, एक अल्पभूधारक आणि जमल्यास विरोध करणाराही एक जण, नव्या गावात मुक्कामाला पाठवा. त्यांची मजुरी बुडते ती भरून द्या. तज्ज्ञाला मानधन देता तसं यांनाही द्या. रात्री देवळाच्या पारावर जे बोलणं होतं, ते कुठल्याही प्रशिक्षण वर्गात होत नाही.

पहिलं वर्ष असं काढा

नव्या गावात काम सुरू करणाऱ्या संस्थेने पहिल्या वर्षात बांधकामाची घाई करू नये. वर्षाची आखणी साधारण अशी ठेवता येईल:

१. मे महिन्यात शिवारफेरी. विहिरी, ओढे, गायरान, जुनी आणि मोडकी कामं यांचा नकाशा गावकऱ्यांनीच काढायचा. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांशी याच महिन्यात बोलायचं.

२. जून ते सप्टेंबर, प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक फेरी. विहिरींची मासिक मोजणी सुरू. दहा-बारा शेतकऱ्यांच्या रानात रुंद सरी वरंब्यासारखा एखादा कमी खर्चाचा प्रयोग, शेजारी नेहमीच्या पद्धतीची पेरणी तुलनेला.

३. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. रब्बीला कोणती पिकं घ्यायची, यावर गावाची चर्चा.

४. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाहून ठेवलेल्या, काम झालेल्या दोन गावांची हिवाळ्यात तिसरी भेट: एक यशस्वी, एक फसलेलं. फसलेल्या गावाने यायला परवानगी दिली तर त्याचे आभार माना. ते गाव जास्त शिकवतं.

५. ऊसतोडीची कुटुंबं परतल्यावर होणाऱ्या ग्रामसभेत गावाने स्वतःच्या अटी लिहायच्या: काय बंद करणार, कोण किती देणार, गाळ कोण काढणार, भूमिहीनांना काय मिळणार, नियम मोडणाऱ्याचं काय. त्यावर ठराव.

६. ठराव झाल्यावर लहान काम, श्रमदानातून. ते पाळलं गेलं की मोठा निधी.

काही देणगीदारांना ही चाल संथ वाटेल. त्यांना सांगा की १९७२ च्या दुष्काळात सुरुवातीला लोकांना खडी फोडायला लावली होती, कारण काम ताबडतोब द्यायचं होतं. पुढे मजुरांच्या घामातून पाझर तलाव, बांध, टिकाऊ कामं व्हावीत असा विचार बळावला. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याला तिने वाट दाखवली. दुष्काळी गावांकडून महाराष्ट्र शिकला तेव्हा त्याचा फायदा देशाला झाला. परभणीच्या शिवारातही तेवढं मोलाचं शिक्षण आज घडतं आहे.

म्हणून एक आग्रह आहे. यापुढे निधीसाठी जो प्रस्ताव लिहाल, त्याच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा: कोणत्या गावाकडून आम्ही काय शिकलो, आणि त्यामुळे आमच्या योजनेत आम्ही काय बदललं. निधी देणाऱ्यांनी हे पान कोरं असलेला प्रस्ताव परत पाठवावा. एवढी एक शिस्त दोन्ही बाजूंनी पाळली, तर गाळाने भरलेले बंधारे कमी होतील, आणि ज्यांनी आपल्या श्रमाने हे ज्ञान घडवलं त्या गावकऱ्यांना त्याचं श्रेयही मिळेल.